छोटा हत्ती सोडून मोठ्या गाडीवर: ट्रेलर, टँकर की स्वतःची दहाचाकी?

भांडुपकर_२४

नमस्कार मंडळी. वय २४, बारावी पास. एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सला तीन वर्षं झाली, सध्या छोटा हत्ती टेम्पोवर भांडुप-भिवंडी. पुढे मोठी गाडी चालवायची आहे. एक एजंट म्हणतो, वीस हजार दे, हेवीचं लायसन्स घरी येईल, टेस्टला यायचीही गरज नाही. त्यात धोका किती? लायसन्स झाल्यावर न्हावाशेवा बंदरात ट्रेलर, माहुलच्या तेल डेपोत टँकर की कर्ज काढून स्वतःची दहाचाकी, यातली कोणती लाइन धरावी? आई घरी एकटी असते, त्यामुळे आठवड्यातल्या निदान चार-पाच रात्री तरी घरी यायला हवं. गल्फचंही कुणीतरी सुचवलंय. जाणकारांनी मोकळेपणानं सांगावं.

---

कागद_पक्के

एजंटला आधी नमस्कार कर. सरकारी फी सगळी धरून दीड हजाराच्या आत बसते. तुझा खरा खर्च ड्रायव्हिंग स्कूलचा, आणि तो करायलाच हवा, कारण ट्रान्सपोर्ट वर्गासाठी स्कूलचा फॉर्म ५ लागतो. सोबत डॉक्टरचा फॉर्म १-ए. वयाची अट २० पूर्ण, आणि एलएमव्ही किमान एक वर्ष जुनं. दोन्हीत तू बसतोस. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली.

सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर चालू लायसन्स टाकून नवा वर्ग वाढवायचा अर्ज भर. आधी लर्निंग निघतं. त्यानंतर ३० दिवस थांबायचं आणि सहा महिन्यांच्या आत पक्की टेस्ट द्यायची. भांडुपचा पत्ता असेल तर तुझं आरटीओ वडाळा, एमएच-०३. फॉर्म १-ए आधी भरून डॉक्टरची सही मात्र शेवटच्या दिवशी शोधत फिरणारे खूप असतात. ते काम पहिल्या आठवड्यातच उरकून घे. चष्म्याचा नंबर असेल तर तो लावूनच तपासणी कर.

आता धोका. बिनटेस्टचं लायसन्स कधी दुसऱ्याच राज्यातून निघतं, कधी सारथीवर सापडतच नाही. नाक्यावर एखाद वेळ निभावेल, पण अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी लायसन्सची पडताळणी करते. ते खोटं निघालं तर जखमी माणसाला पैसे देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करायला कंपनी कोर्टात जाते. मग मालक तुला धरणार. फौजदारी वेगळी.

आणखी एक, जे भलेभले विसरतात. लायसन्सवर दोन तारखा असतात, एक बिगर-ट्रान्सपोर्टची आणि एक ट्रान्सपोर्टची. ट्रान्सपोर्टची मुदत फक्त ५ वर्षं. लोक वरची लांबची तारीख बघून निर्धास्त राहतात आणि ट्रान्सपोर्टची मुदत संपल्यावरही सहा महिने गाडी हाकतात. ती तारीख मोबाइलमध्ये लावून ठेव.

सध्याच्या गाडीची काळजी नको. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय की ७,५०० किलोपेक्षा कमी ग्रॉस (मालासकट) वजनाची ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्हीवर चालते, वेगळी नोंद लागत नाही. पण उद्या कुणी १४ फुटी गाडीवर बसवलं तर आधी आरसीवरचं जीव्हीडब्ल्यू (ग्रॉस वजन) वाच. रिकाम्या गाडीचं वजन बघून ठरवू नकोस.

---

करळ_फाटा

ट्रेलरबद्दल. घोडा (पुढची ओढणारी गाडी) आणि मागची ट्रॉली ही दोन वेगळी जनावरं आहेत हे हातात बसायला वेळ लागतो. छोटा हत्तीवरून थेट ट्रेलरवर उडी मारू नकोस. आधी १७ किंवा १९ फुटी, मग दहाचाकी, मग घोडा. दहाचाकीवर एक पावसाळा काढ. ब्रेक, हवा आणि वजन तिथंच समजतं.

घोडा जोडताना नवा माणूस हमखास चुकतो. किंगपिन (ट्रॉलीखालचा जोडाचा खिळा) बसला असा आवाज आला की तो खाली उतरून बघत नाही. उतरायचं, टॉर्च मारायचा, घोड्याच्या प्लेटचा जबडा पिनच्या मागं पूर्ण मिटलाय का आणि प्लेट-ट्रॉलीमध्ये फट नाही ना ते बघायचं. मग लाल आणि पिवळा हवेचा पाइप जोडायचा, वायर लावायची, हवा भरू द्यायची. त्यानंतर ट्रॉलीचा ब्रेक धरून पहिल्या गिअरमध्ये हलका ओढा द्यायचा. सुटली नाही तरच ट्रॉलीचे पाय वर घ्यायचे. आधी पाय वर घेतले आणि पिन अर्धवट असला तर ट्रॉली नाकावर आपटते. सोडताना बरोबर उलटं: हँडब्रेक, पाय खाली, पाइप-वायर काढणं, शेवटी पिन.

कंटेनर बसला की चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक (डबा ट्रॉलीला धरणाऱ्या खुंट्या) स्वतः फिरवून बघ. क्रेनवाला घाईत असतो, लॉक उघडे राहिल्याचं त्याला दिसतही नाही. उघड्या लॉकवरचा रिकामा कंटेनर उरण फाट्याच्या वळणावरही उडतो, कारण ४० फुटी डबा रिकामा असला तरी त्यात वारा भरपूर भरतो. ४० फुटी ट्रॉलीवर एकच जड २० फुटी असेल तर तो अगदी मागच्या टोकाला ठेवू देऊ नकोस. घोड्यावरचं वजन उचललं जातं आणि चढावर ड्राइव्हची चाकं जागच्या जागी घसरतात.

बंदरात कागद म्हणजे अर्धं काम. एक्स्पोर्टचा डबा असेल तर फॉर्म १३ वर (डबा बंदरात आत न्यायचा कागद) टर्मिनल, जहाज आणि गेट बंद होण्याची वेळ वाचून मगच रांगेत लाग. न्हावाशेव्याला टर्मिनल अनेक आहेत. चुकीच्या गेटच्या रांगेत चार तास घालवून परत फिरणारे रोज दिसतात. सीलचा नंबर कागदाशी अक्षर न् अक्षर जुळव. डबा उचलताना पत्रा फाटलाय, दाराचं रबर गेलंय, कोपरा दबलाय, असं काहीही दिसलं तर ते ईआयआरवर (डबा घेता-देताना त्याची स्थिती नोंदवायचा कागद) तिथल्या तिथं लिहून घे. न लिहिता निघालास तर यार्डात तेच नुकसान तुझ्या नावावर पडतं.

घरी येण्याचं म्हणशील तर पोर्ट ते सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनरचं गोदाम) लोकल फेऱ्या आहेत. द्रोणागिरी, जासई, पनवेल पट्ट्यातल्या. अंतर कमी, पण तास रांगेवर. भांडुपला रोज रात्री पोचशील असं मी तरी सांगणार नाही.

---

माहुल_गेट

करळवाल्यांनी शेवटी खरं सांगितलं. घरी यायचं असेल तर ट्रेलर नकोच. माहुलहून पंपांना पेट्रोल-डिझेल टाकणारा टँकर बघ. शहर, ठाणे, नवी मुंबई, फार तर पालघरपर्यंत. पहाटे लागतोस, बहुतेक दिवस संध्याकाळी मोकळा.

यासाठी हेवी लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद लागते. नियम ९ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण, त्याचं प्रमाणपत्र आरटीओला दिलं की नोंद होते. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यायला हवं, बारावीवाल्याला अडचण नाही. मुदत ५ नव्हे, ३ वर्षं, आणि नूतनीकरणाला एक दिवसाचं रिफ्रेशर. ते संपायच्या महिनाभर आधी बुक कर, कारण नोंद संपलेल्या ड्रायव्हरला डेपोचं गेट आत घेत नाही आणि त्या दिवसाची फेरी गेली.

कामाचं स्वरूप समजून घे. लोडिंगला इंजिन बंद, बॅटरी कट-ऑफ बंद, चाकाला ठोकळा, आणि पाइप लावण्याआधी अर्थिंगची क्लिप. काढताना उलट, आधी पाइप, शेवटी क्लिप. रंग चढलेल्या पत्र्याला क्लिप लावली तर ती लागलेली दिसते पण अर्थिंग होत नाही. उघडं लोखंड किंवा ठरलेला पॉइंटच हवा. पंपावर पोचलं की लगेच डिप (पट्टी बुडवून मालाची पातळी) घ्यायचं नाही. माल थोडा स्थिर होऊ द्यायचा, मग सील तपासणी, डिप, घनता आणि पंपवाल्याची सही. लॉकशी, डिपशी छेडछाड झाली की गाडी काळ्या यादीत जाते आणि ड्रायव्हरचं नाव दुसऱ्या डेपोपर्यंत पोचतं.

रिकामा टँकर सुरक्षित असतो हा सगळ्यात मोठा गैरसमज. पेट्रोल उतरवल्यावर आत वाफ राहते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त लवकर पेट घेते. रिकाम्या टँकरवर वेल्डिंगची ठिणगी पडली की काय होतं ते सांगायला नको. आणि अर्धा भरलेला कप्पा ब्रेकवर पुढं ढकलतो. आडव्या पडद्या असल्या तरी जोर येतोच. सिग्नल दिसल्यापासून गाडी हळू करत आणायची, शेवटच्या वीस मीटरवर नाही.

मागच्या आणि बाजूच्या पाटीवरचा यूएन नंबर (मालाची ओळख सांगणारा) पाठ असू दे. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२. केबिनमधलं ट्रेम कार्ड (अपघातात काय करायचं ते सांगणारं) तू जो माल भरलाय त्याचंच आहे ना, हे दर फेरीला बघ. कालच्या मालाचं कार्ड आज लटकलेलं असलं तर आग विझवणाऱ्यांना चुकीची माहिती मिळते.

---

सहा_टक्के_उतार

दोघांनीही घाट सोडून दिला. मुंबईचा ड्रायव्हर कुठल्याही लाइनला गेला तरी बोरघाट नाहीतर कसारा चुकत नाही.

नियम जुना आहे आणि अजून बरोबर आहे: ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरव, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाक. भरलेली गाडी उतारावर एकदा पळाली की खालचा गिअर पडत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) चालू ठेव, पायाचा ब्रेक थोडा वेळ नीट दाबून वेग खाली आण आणि सोड. सारखा हलका दाबून ठेवला की ड्रम तापतो, लायनर पकड सोडतं. वास आला म्हणजे उशीर झालाय. सारखं पंप करत राहिलास तर हवाही संपते, कारण कमी आरपीएमवर कॉम्प्रेसर ती भरून काढत नाही.

डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे अजून आहेत. चालू इंजिनवर आजची गाडी गिअरमध्ये उतरताना पाय काढला की इंजेक्शन जवळजवळ बंदच असतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये वाचत काहीच नाही. इंजिन बंद केलं तर स्टिअरिंगचा पॉवर आणि कॉम्प्रेसर दोन्ही गेले.

तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नकोस, तडा जातो. निघण्यापूर्वी हवेच्या टाक्यांचं पाणी काढ, पावसाळ्यात रोज. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर स्लॅक अॅडजस्टर (ब्रेकची ढिलाई ठरवणारे) दोन्हीकडे सारखे नाहीत, तसा घाट उतरायचा नाही. एक्स्प्रेसवेच्या घाटात जड गाडीला वेगाची कमी मर्यादा आहे आणि डावी लेन. उगाच चलन नको.

---

भांडुपकर_२४

खूप आभार सगळ्यांचे. टँकरचं डोक्यात बसतंय. पण स्वतःच्या गाडीबद्दल कुणीच बोललं नाही. फायनान्सवाला म्हणतो डाउन पेमेंट कमी करून देतो. दहाचाकी घेतली तर जमेल का? आणि गल्फ?

---

हिशोब_आधी

डाउन पेमेंट कमी म्हणजे हप्ता जास्त, एवढंच. आकडे मांडून बघ. खालचे उदाहरणादाखल आहेत, तुझे तू घाल.

डिझेल ९० रुपये लिटर आणि भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर धरली तर नुसतं डिझेल किलोमीटरला साडेबावीस रुपये. दहा टायर प्रत्येकी २२ हजार, आयुष्य ८० हजार किलोमीटर, म्हणजे पावणेतीन रुपये. हप्ता ६५ हजार असेल आणि महिन्याला ७,००० किलोमीटर झाले तर किलोमीटरला सव्वानऊ रुपये हप्त्याचे. गाडी उभी राहून ४,००० च झाले तर तोच हप्ता सव्वासोळा रुपये. टोल, विमा, सर्व्हिस, भत्ता, क्लीनर अजून बाकी. एकगाडीचा मालक डिझेलनं मरत नाही, उभ्या दिवसांनी मरतो. फायनान्सवाला नेमका हाच आकडा विचारत नाही.

परतीचा माल नसेल तर जाताना मिळालेल्या भाड्यातूनच दोन्ही बाजूंचा खर्च काढावा लागतो. म्हणून गाडी घेण्याआधी गिऱ्हाईक बांध: कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एखादा व्यापारी, भिवंडीचं गोदाम, तळोजातला कारखाना. दलालाच्या भरवशावर पहिली गाडी घ्यायची नाही. बाकीचे पैसे बिल्टीची (मालासोबतच्या पावतीची) सही-शिक्क्याची पोच परत आल्यावरच सुटतात, आणि महिना-दोन महिने उधारी चालते. हप्ता मात्र पाच तारखेलाच. तीन हप्त्यांइतकी रक्कम बाजूला नसेल तर थांब.

ओव्हरलोडचा मोह होतो. दहाचाकीचं कमाल ग्रॉस वजन २८.५ टन. पाच टन जास्त पकडलं तर दंड २० हजार अधिक टनामागे २ हजार, म्हणजे ३० हजार, आणि जादा माल तिथंच उतरवावा लागतो. दुसरी गाडी मागवायचा खर्च वेगळा.

कागदांत: नॅशनल परमिटची वर्षाची एकत्रित फी १६,५०० रुपये. फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. ई-वे बिल (जीएसटीचा माल नेण्याचा कागद) नेहमीच्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस, गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आसपास वाढवून घ्यावी लागते, नाहीतर दंड मालाच्या करावर बसतो. इन्कम टॅक्सला दहापर्यंत गाड्या असतील तर ढोबळ पद्धत आहे: १२ टनांवरच्या गाडीला ग्रॉस वजनाच्या दर टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात. २८.५ टनांची गाडी वर्षभर असेल तर ३ लाख ४२ हजार. हिशोबाच्या वह्या ठेवायची कटकट नाही.

बीएस-६ गाडीत डीईएफ (धूर साफ करणारा युरियाचा द्रव) लागतं, साधारण डिझेलच्या तीन ते पाच टक्के. रस्त्याकडेचा स्वस्त डबा घेऊ नकोस. पातळ डीईएफनं सेन्सर आणि कॅटॅलिस्ट जातात, गाडी आपोआप ताकद कमी करते, आणि दुरुस्तीत वाचवलेल्याच्या कित्येक पट जातात.

---

ट्रान्झिट_मिक्सर

रोज घरी यायचं आणि टँकरचं गेट लगेच उघडत नसेल तर आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) मिक्सर बघ. मुंबईत मेट्रो, पूल, टॉवर, सगळीकडे काँक्रीट. गाडी प्लांटच्या आसपासच फिरते. शिफ्ट रात्रीची असू शकते, कारण दिवसा जड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी असते.

माल भरल्यापासून दोन तासांत उतरवायचा असतो, आयएस ४९२६ हे मानक तेच सांगतं. सिग्नलला अडकलास म्हणून ड्रममध्ये पाणी ओतू नकोस. काँक्रीट पातळ दिसेल पण ताकद जाईल, क्यूब (काँक्रीटचा चाचणीचा ठोकळा) फेल झाला की चौकशी तुझ्या बॅचच्या चिठ्ठीवरून सुरू होते. प्लांटला फोन कर, ते ठरवतील. आणि वळणावर जपून. ड्रमचं वजन उंच असतं, शिवाय फिरत्या ड्रममुळे माल एका बाजूला चढतो. साध्या दहाचाकीच्या वेगानं फ्लायओव्हरच्या रॅम्पवर वळवली तर मिक्सर आडवा होतो.

कुठंही लागलास तरी आधी विचार: पगार ठरलेला की फेरीवर, भत्ता वेगळा की त्यातच, डिझेल कमी पडलं तर कुणाकडून कापतात, रांगेत उभं राहायचे पैसे मिळतात का. दहा किंवा जास्त कामगार आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय लागू, वीस कामगारांना पीएफ. कायद्यानं दिवसाला ८ तास. प्रत्यक्षात काय चालतं ते गेटवरच्या दोन ड्रायव्हरांना विचारलं की कळतं, ऑफिसात नाही.

पुढचा विचार आत्ताच कर, कारण कंबर पन्नाशीपर्यंत साथ देईलच असं नाही. ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्षक व्हायला दहावी, पाच वर्षांचा चालवण्याचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकच्या कोर्सचं प्रमाणपत्र लागतं. पहिली दोन तुझ्याकडे आहेत किंवा होतील. तिसरं सरकारी संस्थेतून करून ठेव. त्यावर फ्लीट सुपरवायझर, कंपनीतला ट्रेनर अशी दारंही उघडतात.

---

कागद_पक्के

गल्फचं दोन ओळीत. भारतातलं हेवी तिथं चालत नाही, तिथली टेस्ट द्यावी लागते, म्हणून करारात लायसन्सचा खर्च आणि पास होईपर्यंतचा पगार कोण देणार ते लिहिलेलं हवं. एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः बघ. त्याला कायद्यानं जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी घेता येतो. लाख मागणारा तिथंच बाद. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम करायचं म्हणत असेल तर उठून निघ.

---

भांडुपकर_२४

ठरलं तर. या आठवड्यात फॉर्म १-ए, सोमवारी स्कूलमध्ये नाव. हेवी आल्यावर आधी मिक्सर नाहीतर दहाचाकी, मग धोकादायक मालाची नोंद. लर्निंगच्या महिन्याभरात छोटा हत्ती चालवत राहिलो तर चालेल ना?

---

कागद_पक्के

चालेल, एलएमव्ही तुझं तसंच राहतं. मोठी गाडी मात्र लर्निंगवर एकट्यानं नाही. शेजारी पक्क्या हेवी लायसन्सचा माणूस, पुढं-मागं लाल एल, आणि माल भरलेला नको.